जुन्या बाजारातले गुराखी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



रद्दी विकण्याऐवजी विकत आणणारी बाई असा गावात माझा लौकिक आहे. म्हणूनच बहुधा हा विषय माझ्या वाट्याला आला. विषय आहे जुन्या वेस्टर्न कादंबऱ्यांचा. वेस्टर्न म्हणजे विलायती नव्हे. अमेरिकेच्या पश्चिम मुलखातील घोडेस्वार, पिस्तुले, दरोडे आणि गुरांचे कळप यांच्या या गोष्टी. त्यांतला काउबॉय म्हणजे अखेर गुराखीच. आपला गुराखी पायी हिंडतो आणि त्याच्या कमरेला पिस्तुलाऐवजी कोयता असतो, एवढेच.

ही पुस्तके नव्या दुकानांत क्वचितच दिसतात. ती शोधावयाची तर मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जावे, नाहीतर रविवारी किंवा बुधवारी पुण्याचा जुना बाजार गाठावा. पितळी समया, बंद पडलेली घड्याळे आणि ग्रामोफोनचे कर्णे यांच्या खाली एखादा गठ्ठा दबलेला असतो. हातात पुस्तक आले की आधी शेवटचे पान पाहावे. कागद हलका असल्यामुळे कडा पिवळ्या पडून भुगा होतात आणि मागची पाने प्रथम गळतात. शेवट नसलेली कादंबरी विकताना दुकानदार त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. भावाची घासाघीस कशी करावी, हे मात्र तुम्हांला शिकविण्याची माझी प्राज्ञा नाही!

या गठ्ठ्यांत ऑलिव्हर स्ट्रेंज हमखास सापडतो. हा गृहस्थ इंग्रज. त्याच्या 'सडन' नावाच्या पिस्तूलबहाद्दराची पहिली कादंबरी १९३० साली निघाली. आपल्याकडे तिच्यावर पिढ्या पोसल्या. आतल्या पानावर भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयाचा शिक्का असतो, कधी दोन-दोन वाचनालयांचे. ते शिक्के वाचण्यातही मला मौज वाटते.

इंग्रजी न येणाऱ्या आपल्या मैत्रिणींना मी या गोष्टी गुरुवारी मंडळात मराठीत सांगते. एकदा अशीच गोष्ट रंगात आली होती. गोरा नायक रेड इंडियनांची टोळी पिटाळून लावतो. सगळ्याजणी खूश. तेवढ्यात कोपऱ्यातल्या आजींनी विचारले, "मंग त्या रानातल्या लोकांचं पुढं काय झालं? ते गेले कुठं?"

पुस्तकात ते लिहिलेले नव्हते. मग मी इतिहास धुंडाळू लागले. १८३० साली अमेरिकेने तिथल्या मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याचा कायदा केला. १८६२ च्या कायद्याने वसाहत करणाऱ्यास १६० एकर जमीन मिळू लागली. जमीन सरकारी म्हणून वाटली. पण तिथे शिकार करणारे, मका पेरणारे लोक आधीपासून होतेच. ज्या गव्यांवर मैदानातल्या टोळ्या जगत, त्यांचे कोट्यवधींचे कळप १८८९ च्या सुमारास हजारभरावर आले. आता सांगा, वनहक्काच्या २००६ च्या कायद्याखाली दाव्याचे कागद सांभाळून ठेवणाऱ्या, २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या आपल्या तालुक्याने ही गोष्ट गोऱ्या नायकाच्या घोड्यावर बसून का ऐकावी?

तरीही मी ही पुस्तके टाकून दिली नाहीत. गोष्ट म्हणून ती झकास असतात, हे कबूलच केले पाहिजे. शिवाय त्यांतच झेन ग्रे भेटला. हा मूळचा दंतवैद्य. 'द व्हॅनिशिंग अमेरिकन' ही त्याची कादंबरी १९२२ साली एका बायकांच्या मासिकात येऊ लागली. नायक तिथला आदिवासी, नायिका गोरी. ग्रेच्या मनात त्या दोघांना एकत्र आणावयाचे होते. प्रकाशक कचरले आणि १९२५ च्या पुस्तकात नायक मेला! लेखकाचा मूळ शेवट छापून येण्यास १९८२ साल उजाडले. तेव्हा ग्रे जाऊन तीन तपांहून अधिक काळ लोटला होता.

माझ्याजवळ होती ती नायक मरतो ती प्रत. दुसरीसाठी मी तीन वर्षे हिंडले. सुरगाण्याहून बोरगाव, वणी, दिंडोरी करीत नाशिक आणि तिथून पुढे पुणे. पुस्तक साठ रुपयांचे आणि प्रवास त्याच्या कितीतरी पट. २०२३ पासून आपणां बायकांना एस.टी.चे निम्मे तिकीट झाले नसते, तर घरच्यांनी हा शोध केव्हाच बंद पाडला असता. अखेर गेल्या पावसाळ्यात जुन्या बाजारात, एका गंजलेल्या शिलाई यंत्राच्या खणात ते मिळाले. मुखपृष्ठ नव्हते. मी उभ्या उभ्या शेवटची पाने मोजली, सगळी होती.

दोन्ही प्रती आता मंडळाच्या कपाटात वरच्या फळीवर आहेत. डांबरगोळ्या घातल्या आहेत, त्या कृपा करून कोणी काढू नयेत. येत्या गुरुवारी तीन वाजता गोष्टीला सुरुवात करीन. आजींना शेवट अजून सांगितलेला नाही. कोणता ऐकावयाचा ते त्यांनीच ठरवावे.