सामाईक वही कोणाच्या घरी?

(नाशिक येथे द्राक्ष उत्पादक व वाहतूक व्यावसायिकांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



दिंडोरी-निफाडची द्राक्षे न्हावाशेवा बंदरातून युरोपला जातात. शीतगृह, मालमोटार, सीमाशुल्क, बंदर, जहाज अशा अनेक हातांतून माल सरकतो आणि प्रत्येकाची वही वेगळी असते. वाटेत तापमान चढून मणी सडले, तर प्रत्येक जण आपापली वही दाखवून हात वर करतो. तोटा बहुधा बागायतदाराच्याच पदरी पडतो. २०१४ साली मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीने केनियातून युरोपला निघालेल्या एका शीतकंटेनरचा माग काढला, तेव्हा सुमारे तीस व्यक्ती-संस्था आणि दोनशेहून अधिक संदेशांची देवाणघेवाण आढळली.

ब्लॉकचेन म्हणजे सर्वांकडे एकाच वहीची प्रत. प्रत्येक नोंद मागच्या नोंदीशी गणिताने बांधलेली. मागचे पान कोणी गुपचूप खोडले, तर इतरांच्या प्रतींशी ते जुळत नाही. मात्र मुळात नोंदच खोटी केली, तर ही वही ते खोटेही तितक्याच निष्ठेने जपते!

मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये ‘ट्रेडलेन्स’ ही अशी वही उघडली. पुढे मर्स्कच्या प्रतिस्पर्धी कंपन्याही तीत आल्या. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये ती मिटण्याची घोषणा झाली. तंत्र उभे राहिले, पण साऱ्या व्यवसायाचे पूर्ण सहकार्य लाभले नाही, असे कंपनीनेच सांगितले. माझ्या मते कारण साधे आहे. आपला हिशेब स्पर्धकाच्या ओसरीवर मोकळ्या मनाने कोण ठेवील?

याउलट आपल्या घरचे उदाहरण पाहा. २००३ मध्ये कीटकनाशकांच्या अंशामुळे युरोपात आपल्या द्राक्षांना फटका बसला. त्यानंतर २००६ मध्ये अपेडाने ‘ग्रेपनेट’ सुरू केले. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस, प्रमाणपत्रे, सारे एका धाग्यात आले. त्यासाठी ब्लॉकचेन लागली नाही. अपेडा ना द्राक्षे विकते, ना जहाजे चालवते. युरोपला माल पाठवायचा, तर तिथे नोंद सक्तीचीच होती; पण ती वही कोणा स्पर्धकाच्या ओसरीवर नव्हती.

मात्र बागेचा माग लागला, तरी पुढच्या प्रवासातील तापमानाचा वाद त्याने मिटत नाही. तिथे सामाईक वही हवीच, आणि ती विकायला कोणीतरी तुमच्या दारी येईलच. सही करण्यापूर्वी त्याला विचारा: वहीचे नियम कोण बदलू शकतो? खर्च कोणी सोसायचा? आणि उद्या तुम्ही दुकान मिटलेत, तर आमच्या नोंदी आमच्या हाती कशा येणार?