गाव भरलं म्हणजे काय?



संयोजकांचा निरोप होता, "अमेरिकेतलं काहीतरी सांग, पण कॉम्प्युटरचं नको." म्हणून नोकरीबाहेर गेली काही वर्षं ज्यात गुंतले आहे, त्याविषयी बोलते. तो विषय आहे, आमच्या गावाचा विकास आराखडा. नागरिकशास्त्राचा तास आमचा वर्ग कसा घालवायचा हे बाईंना चांगलं आठवत असेल. तेव्हा निदान त्यांना तरी हे ऐकून बरं वाटेल.

मी कॅलिफोर्नियात प्लेझंटन इथे राहते. सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला, डोंगर ओलांडून पलीकडे. बार्ट नावाची तिकडची लोकल आमच्यापर्यंत येते. थोडक्यात, तिकडची डोंबिवलीच म्हणा. फरक आकाराचा. प्लेझंटनची लोकसंख्या २०२० मध्ये ऐंशी हजारांच्या आत होती. आपली कल्याण-डोंबिवली महापालिका २०११ लाच साडेबारा लाखांच्या घरात गेली होती.

आपण दहावीचे पेढे वाटले, त्याच १९९६ साली प्लेझंटनच्या मतदारांनी मतदान करून ठरवलं, की गावात एकूण २९,००० च्या वर घरं होऊ द्यायची नाहीत. हेतू वाईट नव्हता. शाळांवर ताण नको, रस्ते तुंबायला नकोत, डोंगर उघडे राहावेत. पण कचेऱ्यांना मात्र जागा मिळत राहिली. नोकऱ्या गावात आणि घरं नाहीत, मग माणसं कुठे राहणार? ती आल्टामॉन्टचा घाट ओलांडून ट्रेसी, मँटेका अशा लांबच्या गावांत गेली. रोज पहाटे निघायचं आणि अंधार पडल्यावर घरी पोचायचं. हे वर्णन इथे कुणाला समजावून सांगायला नको.

२००६ मध्ये काही लोक या मर्यादेविरुद्ध कोर्टात गेले. पुढे राज्याचे तेव्हाचे महाधिवक्ता जेरी ब्राउनही त्यांच्या बाजूने उतरले. मार्च २०१० मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की ही मर्यादा राज्याच्या कायद्याविरुद्ध आहे. तिथल्या कायद्यानुसार प्रत्येक शहराला आपल्या वाट्याच्या घरांसाठी जागा दाखवावी लागते. २०२३ ते २०३१ या काळासाठी प्लेझंटनचा वाटा आहे ५,९६५ घरांचा.

मर्यादा गेली, वाद गेला नाही. सभागृहात प्रत्येकाला बोलायला मोजकी मिनिटं मिळतात आणि त्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "आमचं गाव भरलं." म्हणणारी माणसं दुष्ट नाहीत. माझे शेजारी आहेत, दिवाळीला घरी फराळाला येतात. मुलांच्या वर्गात गर्दी होईल, दुष्काळात पाणी पुरणार नाही, ही त्यांची काळजी खरी आहे. पण एक गोष्ट माईकवर कुणी बोलत नाही. घरं कमी राहिली की आहेत त्या घरांचे भाव चढतात. माझंही तिथे घर आहे, म्हणजे "गाव भरलं" म्हणण्यात माझाही फायदाच आहे. तरीही मी ते म्हणत नाही, आणि त्याचं कारण डोंबिवली आहे.

आपल्यापैकी किती जणांचे आईवडील गिरगाव, परळ, दादरच्या चाळींतून इकडे आले, आठवून बघा. तिथे खोली पुरेना आणि दुसरी परवडेना, म्हणून. मुंबईनेही आपल्या परीने मर्यादा घातलीच होती. १९९१ च्या नियमावलीत शहराला एफएसआय होता १.३३ आणि उपनगरांना १. म्हणून मुंबईत कामाला येणारी माणसं थांबली का? नाही. ती डोंबिवली फास्टच्या दारात उभी राहिली. कुठल्यातरी "भरलेल्या" गावात जागा न मिळालेल्यांची आपण मुलं आहोत. आणि आज आपल्याच मुलांना डोंबिवली परवडत नाही म्हणून ती बदलापूर आणि टिटवाळ्याला घर बघताहेत.

पण म्हणून येईल त्याला बांधू द्यावं, असंही मी म्हणणार नाही. तेही आपण इथे भोगलं आहे. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नवीन बांधकाम परवानग्या थांबवल्या होत्या. का? तर कचऱ्याची विल्हेवाट लावायची धड व्यवस्था नव्हती. इमारती आधी झाल्या. कचरा, पाणी, गटारं, रस्ते यांचा विचार मागून. न्यायालयाला महापालिकेचा कान धरावा लागला.

या दोन गावांकडे पाहून माझं मत झालं आहे ते असं. घरांचा आकडा ठरवून माणसं थांबत नाहीत, फक्त रांग दुसऱ्या गावात लागते. मोजायचं असेल तर पाणी मोजा, मलवाहिन्या मोजा, शाळेतले वर्ग आणि गाडीतली जागा मोजा. ते जितकं वाढेल त्याच्या बरोबरीने घरं वाढू द्या. आणि जे शहर नोकऱ्या बोलावतं, त्याने त्या नोकरदारांच्या घरांसाठीही जागा काढली पाहिजे. ऑफिस माझ्याकडे आणि माणसं तुझ्याकडे, हा शेजारधर्म नव्हे. माझ्या वाट्याच्या मिनिटांत मी तिथे एवढंच सांगते, की स्टेशनजवळ उंच इमारती होऊ द्या, डोंगर मोकळे ठेवा. काही जण टाळ्या वाजवतात, काही जण नंतर आठवडाभर बोलत नाहीत. चालायचंच.

आता तुमच्यासाठी. आपल्या लहानपणीच्या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला चालल्या आहेत. माझ्या आईबाबांच्या सोसायटीतही बैठका सुरू आहेत. बैठकीत चर्चा होते ती वाढीव चौरस फुटांची, कॉर्पसची आणि भाड्याची. ती व्हायलाच हवी. पण त्याच जागेवर चौपट कुटुंबं राहायला आली तर पाणी कुठून येणार आणि मैला कुठे जाणार, हे कुणीतरी विचारायला हवं. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार प्रारूप विकास आराखड्यावर नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात. नोटीस वर्तमानपत्रात येते आणि आपण पान उलटतो.

आपल्या बॅचमध्ये बिल्डर आहेत, महापालिकेत नोकरी करणारे आहेत, वकील आहेत, दोन शिक्षिका आहेत, आणि रोज ८.१२ ला लटकणारे तर कितीतरी. आराखड्यावर बोलायला याहून योग्य मंडळी कुठे मिळणार? पुढच्या वेळी नोटीस आली की आपल्या ग्रुपवर टाका. गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये तेवढी जागा निघेल. हरकतीचा मसुदा करायला मी तिकडून रात्री जागायला तयार आहे. शुद्धलेखन मात्र बाईंनी तपासावं, ही विनंती.