पन्नाशीनंतरचा अर्ज

हिंगोलीच्या मोंढ्यात हळद घेऊन आलेला शेतकरी मालाची स्तुती करत बसत नाही. खरेदीदार ढिगातले हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग आणि वाळवण बघतो, मग बोली लागते. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, वसमतच्या हळदीला 2024 मध्ये. हळद पूर्वीचीच होती. तिचे गुण कागदावर आले.

याच मोंढ्यातल्या आडतीवर वीस वर्षे हिशेब सांभाळलेला मुनीम पन्नाशीत काम शोधायला निघतो, तेव्हा त्याच्या अर्जात काय असते? नाव, जन्मतारीख, धर्म, जात, दहावीचे गुण. लग्नाच्या बायोडाट्याचाच साचा! शेवटी एक ओळ : अनुभव 20 वर्षे. सौद्यानंतर पट्टी कोण करत होते, हमाली-तोलाईचा हिशेब कोणाला तोंडपाठ होता, वजनावरून शेतकरी बिथरला की समजूत काढायला कोणाला पुढे करत, याबद्दल अक्षर नाही. हळकुंड न मोडताच ढीग पुढे ठेवावा, तसा हा अर्ज.

राज्य सरकारच्या बहुतेक पदांसाठी वयाची अट खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 आहे. त्यानंतर उरतात आडत, जिनिंग, पतसंस्था, खाजगी दवाखाने, दुकाने. तिथल्या मालकाच्या मनात शंका एकच असते : या वयात माणूस नवे शिकेल का?

तिचे उत्तर मुनिमाकडे असते, पण त्याला ते सांगण्यासारखे वाटत नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. तेव्हा चाळिशी ओलांडलेली कितीतरी माणसे वही सोडून टॅलीवर आली. ती गोष्ट अर्जाच्या पहिल्या तीन ओळींत हवी. केसांना कलप लावून किंवा जन्मतारीख गाळून काही साधत नाही. तालुक्याच्या गावात कोण कोणाच्या बरोबरचा, हे सगळ्यांना ठाऊक असते. शिवाय लपवलेले वय उघडे पडले की खऱ्या कामावरचाही विश्वास जातो.

कारागिरांची अडचण वेगळी. सेनगाव-कळमनुरीच्या शिंप्याकडे, सुताराकडे दाखवायला कागदच नसतो. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. किमान वय 18, वरची मर्यादा नाही. प्रमाणपत्र, ओळखपत्र, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. साठीच्या पुढच्यांना काम शोधता यावे म्हणून केंद्राने 1 ऑक्टोबर 2021 ला ‘सेक्रेड’ हे संकेतस्थळ सुरू केले.

पण संकेतस्थळावरही शेवटी स्वतःबद्दल लिहावेच लागते, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिलेल्या माणसाचा हात तिथेच अडखळतो. म्हणून सणाला पुण्या-संभाजीनगरहून घरी येणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. वडिलांजवळ, मामांजवळ तासभर बसा. तुम्ही कुठे होतात हे नका विचारू, तिथे काय काय केलेत ते विचारा, आणि ते सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.