‘मला घरी जायचंय’



अल्पसंख्य समाजांतल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी परिषद भरवायची, तर कोल्हापूरइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०१ पासून इथं निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी १९०६ मध्ये संस्था निघाली, तेव्हा तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतः घेतलं. शिक्षण सर्वांचं, पण ते पोचवायचं, तर त्या त्या समाजाला हाताशी धरूनच, ही महाराजांची रीत होती. आजाराच्या बाबतीत ती अजून पुरती अंगी बाणलेली नाही.

इथून जवळच वळिवडे आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. ते गेल्यावर तिथंच फाळणीत घरदार गमावलेले सिंधी लोक आले आणि गांधीनगरची बाजारपेठ उभी राहिली. त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. स्मृतिभ्रंशात सहसा ताज्या आठवणी आधी जातात, बालपणीच्या मागे उरतात. संध्याकाळ झाली की अनेक रुग्ण ‘मला घरी जायचंय’ म्हणून दाराशी येतात. ज्याचं घर सिंधमध्ये राहिलं, त्याला ‘अहो, हेच तुमचं घर’ असं समजावून काय उपयोग? त्याच्याजवळ बसून त्या घराविषयी विचारावं लागतं, आणि तेही त्याच्या भाषेत.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचं प्रमाण जास्त आढळलं. तरीही घरोघरी त्याला ‘म्हातारचळ’ म्हणतात, नाहीतर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपवतात.

आजार ओळखण्याची पहिली पायरीच भाषेशी अडते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा चाचणीसंच सुरुवातीला हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत प्रमाणित झाला. मग घरात दखनी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या, कधी शाळेत न गेलेल्या आजीला तपासायचं कसं? हरियाणातल्या बल्लभगडच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात याची वाट दाखवली. निरक्षर वृद्धांना साल-तारीख विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं, आत्ता सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ? एवढ्या साध्या बदलाने अडाणीपण आणि आजार यांतला फरक दिसू लागला.

बहुभाषिकपण ही नुसती अडचण नाही, हेही इथं सांगायला हवं. हैदराबादमधल्या ६४८ रुग्णांच्या अभ्यासात, २०१३ मध्ये, असं दिसलं की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती. निरक्षरांतही हा फरक होताच. दखनी आणि मराठी अशा दोन्ही बोलींत वावरणाऱ्या आपल्या आजीच्या पदरी ही केवढी मोठी पुंजी आहे!

सेवेचा प्रश्न त्याहून नाजूक. सूर्यास्तानंतर न जेवण्याचं व्रत आयुष्यभर पाळलेल्या जैन आजोबांना दुपारचं जेवण आठवत नाही आणि ते रात्री ताट मागतात. सुनेनं काय करावं? रमजानमध्ये रोजा आहे हे विसरून अब्बा पाणी पितात आणि घरात सगळेच ओशाळतात. खरं तर विसरून खाल्ल्या-प्यायल्याने रोजा तुटत नाही, आणि ज्याची समज हरपली त्याच्यावर रोजा-नमाजचं बंधन राहत नाही, हे इस्लामी धर्मशास्त्रच सांगतं. शुक्रवारच्या नमाजाला मौलानांनी एवढं बोलून दाखवलं, तर किती लेकी-सुनांच्या मनावरचं ओझं उतरेल! म्हणूनच मशिदी, चर्च, जैन मंदिरं आणि सिंधी पंचायतींना या कामात मागच्या रांगेत बसवून चालणार नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे चालत हरवतात. त्यांना सांभाळते ती हत्तीवाल्याची कानडी बोलणारी बायको, चन्नम्मा. आजाराचं नाव तिला ठाऊक नाही, पण समोरच्या माणसाला काय हवंय ते तिला कळतं. अशा चन्नम्मा आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांना माहिती, थोडी विश्रांती आणि रात्री-अपरात्री दार ठोठावता येईल असं एक घर हवं आहे.

सभागृहाबाहेर मराठी, उर्दू, कन्नड आणि सिंधी पत्रकं ठेवली आहेत. सिंधी पत्रक दोन लिप्यांत आहे, अरबी लिपीतलं आजोबांसाठी आणि देवनागरीतलं नातवंडांसाठी. ज्येष्ठांच्या मदतीचा १४५६७ हा क्रमांक सगळ्यांवर ठळक छापला आहे. डावीकडच्या खोलीत गाद्या, चहा आणि दोन परिचारिका आहेत. आई-वडिलांना सोबत घेऊन आलेल्यांनी त्यांना तिथं बसवावं आणि दुपारचं सत्र निवांत ऐकावं.