तीन अवस्थांच्या पलीकडे
(प्राथमिक शिक्षक-संमेलनात केलेले भाषण)



पदार्थाच्या अवस्था तीन : घन, द्रव आणि वायू. हा पाठ आपण सर्वांनी शिकविला आहे. मीही पुष्कळ वर्षे शिकविला. एकदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, मग दही कशात धरायचे? भांडे थोडे तिरपे केले तर ते सांडत नाही. ढवळले की मात्र वाहू लागते." मी त्याला खाली बसविले. उत्तर मला ठाऊक नव्हते, हा दोष क्षम्य होता. परंतु प्रश्न चांगला आहे एवढेही मी म्हणालो नाही, ही माझी खरी चूक. ज्या शास्त्रज्ञाने अशाच पदार्थांच्या अभ्यासात आयुष्य वेचले, त्याची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे.

पिएर-झील द झेन यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९३२ रोजी पॅरिस येथे झाला. बाराव्या वर्षापर्यंत त्यांचे शिक्षण घरीच झाले. उच्च शिक्षणानंतर, १९५५ पासून, त्यांनी साक्ले येथील अणुसंशोधन केंद्रात चुंबकत्वाचा अभ्यास केला. चुंबकाच्या अणूंत शिस्त कशी येते व उष्णतेने ती कशी मोडते, हे पाहण्याची दृष्टी त्यांना तेथे लाभली. तीच दृष्टी घेऊन ते १९६८ च्या सुमारास द्रव-स्फटिकांकडे वळले. हे पदार्थ द्रवासारखे वाहतात. पण त्यांचे काडीसारखे लांबट रेणू, वाऱ्याने झुकलेल्या पिकाप्रमाणे, एकाच दिशेला कललेले असतात. अल्प विद्युत्‌दाबानेही ही दिशा बदलते. गणकयंत्राच्या पडद्यावर आकडे उमटतात ते याच गुणामुळे.

पुढे त्यांनी रबर व प्लॅस्टिक यांतील लांबलचक रेणुसाखळ्यांचा विचार केला. शिजलेल्या शेवयांप्रमाणे एकमेकींत गुंतलेल्या या साखळ्या हलतात तरी कशा? साखळीला बाजूस सरकता येत नाही. ती सापाप्रमाणे आपल्याच वाटेने पुढेमागे सरपटते, अशी कल्पना त्यांनी १९७१ मध्ये मांडली. ज्या पॅरिसच्या संस्थेत क्यूरी दांपत्याने रेडियमचा शोध लावला, तिचे ते १९७६ पासून २००२ पर्यंत संचालक होते. साध्या पदार्थांतील शिस्तीचा अभ्यास करण्याच्या पद्धती गुंतागुंतीच्या पदार्थांनाही लावता येतात, हे दाखविल्याबद्दल १९९१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

त्या प्रसंगीच्या व्याख्यानात त्यांनी रबराच्या बुटाचे उदाहरण दिले. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील आदिवासी झाडाचा चीक पायांस फासून बूट तयार करीत. पण हवेतील प्राणवायूमुळे तो लवकरच तुटून जाई. १८३९ मध्ये गुडइयर यांनी तो चीक गंधकाबरोबर तापविला, तेव्हा टिकाऊ रबर निर्माण झाले. सुमारे २०० कार्बन-अणूंपैकी एकाचाच गंधकाशी संयोग होतो. पण तेवढ्याने सारा पदार्थ पालटतो. मृदू पदार्थांचे मर्म हेच की, लहानशा कारणाने त्यांच्यात मोठा बदल घडून येतो.

पारितोषिकानंतर या गृहस्थांनी काय करावे? १९९२ ते १९९४ या काळात ते फ्रान्समधील सुमारे २०० शाळांत गेले आणि मुलांशी रबर, शाई, साबणाचे फुगे यांविषयी बोलले. केवळ गणिती सूत्रांवर भर देणाऱ्या शिक्षणावर त्यांची टीका असे. डोळ्यांनी पाहणे व हातांनी करणे यांस ते फार मोल देत. १८ मे २००७ रोजी त्यांचे निधन झाले.

बंधुभगिनींनो, दही, खळ आणि साबणाचा फेस यांकरिता प्रयोगशाळा लागत नाही. तीन अवस्थांचा पाठ अवश्य शिकवावा. परंतु त्यापुढे पूर्णविराम देऊ नये. चौकटीत न बसणारा प्रश्न मुलाने विचारला, तर तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा, दुसऱ्या दिवशी ती वस्तू वर्गात आणावी आणि सर्वांनी मिळून पाहावी. उत्तर ठाऊक नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. दोनशे अणूंत एक जोड पुरते. मुलाच्या मनालाही कधी कधी आपला एक शब्द पुरतो. तो शब्द "खाली बैस" हा नसावा, एवढीच माझी विनंती आहे.