मुदत नसलेली सूट



या परिषदेचं अध्यक्षपद दिलंत, आभार. स्वागत समितीने जेवण आणि वायफाय दोन्हींची सोय केली आहे. जेवणाबद्दल विशेष आभार.

मला दिलेला विषय आहे, ‘ऑन-प्रेम आणि क्लाउडमध्ये विखुरलेल्या डेटाबेस सर्व्हरांचं धोरणाधारित व्यवस्थापन : एक आढावा’. आढावा उरकतो. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर २००८ मध्ये पॉलिसी-बेस्ड मॅनेजमेंट आणलं. नियम एकदा लिहायचा आणि अनेक सर्व्हरांवर तपासायचा. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडचं सेंट्रल इंडिया रीजन आपल्या पुण्यात आलं, २०१६ मध्ये ॲमेझॉनचं मुंबईत. काही डेटाबेस तिकडे गेले, काही आपापल्या कंपनीच्या तळघरातच, म्हणजे ऑन-प्रेम, राहिले. २०१९ च्या नोव्हेंबरात ॲझ्युअर आर्क जाहीर झालं. आता तळघरातल्या सर्व्हरवर एक एजंट बसवला की तो सर्व्हर क्लाउडच्या यादीत दिसू लागतो आणि दोन्हीकडचे नियम एकाच ठिकाणाहून लावता येतात. नियम नुसती नोंद घेऊ शकतो, चुकीच्या बदलाला नकार देऊ शकतो किंवा राहून गेलेली सेटिंग स्वतः बसवू शकतो. आढावा संपला.

आता जे बोलायला इतकी वर्षं एकाही सत्रात मला दहा मिनिटं मिळाली नाहीत, ते बोलतो. आज वेळ संपल्याची घंटा माझ्याच हातात आहे.

माझी तक्रार सूट यादीबद्दल आहे. आपण नियमांवर निबंध लिहितो, नियमांच्या साधनांवर भांडतो. पण नियम ज्यांना लागूच नाहीत, त्या सर्व्हरांची यादी कोणी उघडत नाही. ॲझ्युअर पॉलिसीत एखाद्या सर्व्हरला सूट देता येते. सूट दोन प्रकारची असते : पर्यायी उपाय केला आहे म्हणून, किंवा धोका तूर्त पत्करला आहे म्हणून. तिच्यावर मुदत टाकायची सोय आहे. मुदत संपली की नोंद राहते, सूट जाते. पण मुदत टाकणं सक्तीचं नाही. आणि कम्प्लायन्सची, म्हणजे नियमपालनाची, टक्केवारी काढताना सूट दिलेला सर्व्हर नियम पाळणाऱ्यांच्याच बाजूला मोजला जातो. म्हणजे जितकी सूट वाटाल तितका आकडा सुधारतो! एस.टी.च्या सवलतीच्या पासावरसुद्धा मुदत छापलेली असते. पगाराचा डेटा सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या सवलतीवर ती नसली तरी चालते.

चाकणच्या बाजूच्या एका कारखान्यात मी सल्लागार म्हणून गेलो होतो. सादरीकरण देखणं होतं, सगळं हिरवंगार. मी सूट यादी मागितली. खोलीत शांतता. यादी आली तेव्हा तिच्यात पगाराचा एक जुना सर्व्हर होता, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘दिवाळी बोनस झाल्यावर काढणे’. कुठली दिवाळी, ते लिहिलं नव्हतं. अर्ज करणारे साहेब निवृत्त झाले होते. लेखा विभागातल्या एका बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “अहो, पगार केव्हाच क्लाउडवर गेला. तो सर्व्हर बंद करायचा कुणाला धीर होत नाही, एवढंच.” पॅच नाही, ऑडिट नाही; पण बॅकअपच्या खात्याला सगळे अधिकार आणि मुख्य नेटवर्कला जोडणी मात्र शाबूत. चोराने शिरायला याहून सोयीची जागा मला सुचत नाही.

सकाळच्या सत्रात तरुण मित्र म्हणाले, दुरुस्ती आपोआप होऊ द्या. ज्येष्ठांनी १९ जुलै २०२४ ची आठवण करून दिली : क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट आपोआप पसरलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. दोघांचंही बरोबर आहे. आधी थोड्यांवर, मग सगळ्यांवर, एवढं पथ्य पाळलं की वाद मिटतो. एका सहकारी बँकेत मी हा वाद महिनोन्‌महिने ऐकला. शेवटी कळलं, की दोन्ही गटांचं एका गोष्टीवर आधीपासून एकमत होतं : मुख्य सर्व्हरला हात लावायचा नाही. ज्याच्यासाठी भांडण, तोच यादीबाहेर!

दुपारी कोणी म्हणालं, सूट ही कागदपत्रांची बाब आहे. २५ जानेवारी २००३ आठवा. स्लॅमर वर्मने काही मिनिटांत जगभरचे एसक्यूएल सर्व्हर गाठले. त्याचा पॅच २००२ च्या जुलैतच निघाला होता. अमेरिकेत ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात फायरवॉल होती, पण कंत्राटदाराच्या नेटवर्कमधून आलेली एक जोडणी तिला वळसा घालून आत जात होती. वर्म तिथून शिरला आणि सुरक्षेची आकडेवारी दाखवणारी यंत्रणा जवळजवळ पाच तास बंद पडली. अणुभट्टी आधीपासूनच बंद होती, हे नशीब. नियम होता, फक्त त्या जोडणीला लागू नव्हता.

आमच्या काळी सर्व्हरांना किल्ल्यांची नावं असत. तोरणा बंद पडला की रात्री दोन वाजता कोणाला उठवायचं, हे शिपायालाही ठाऊक असे. आज हजार सर्व्हरांना टॅग आहेत आणि मालकाच्या टॅगमध्ये ‘आयटी विभाग’ लिहिलेलं असतं. विभागाला रात्री फोन लावून बघा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. सूट दिलेल्या सर्व्हरचा लॉग कोण काढणार? आयटी विभाग?

म्हणून माझं मागणं साधं आहे. मुदतीशिवाय सूट नको. मुदत वाढवायची तर विभागाची नव्हे, माणसाची सही हवी. टक्केवारीच्या शेजारी सूट दिलेल्यांचा आकडा वेगळा, तेवढ्याच मोठ्या अक्षरात हवा. यासाठी एक छोटी समिती नेमावी आणि मराठीत एक पुस्तिका काढावी, असं सुचवतो. संपादक आणि निधी यांचं पुढे बघू.

उद्याच्या सत्रांत बरेच डॅशबोर्ड दिसणार आहेत. मी पहिल्या रांगेत बसणार आहे आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारणार आहे. उत्तर तयार नसेल, तर आपला आकडा पडद्यावर आणू नका.