गच्चीवरून लोंबणाऱ्या वायरी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका सभासदाने केलेले भाषण)



स्मरणिकेसाठी बिल्डिंगचा फोटो काढला, त्यात आपला पंचवीस वर्षांचा इतिहास आपोआप आला. गच्चीवरून लोंबणाऱ्या काळ्या वायरी! आधी केबलवाल्याच्या, 2012 साली मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले तेव्हाच्या, मग डिशच्या, मग इंटरनेटच्या. नवी आली, पण जुनी कुणी काढली नाही. माझा धंदाच वायरिंगचा, म्हणून दोन शब्द सांगतो.

ही कोॲक्सियल केबल. मधोमध तार, भोवती पांढरा फोम, त्यावर फॉइल आणि जाळी, वर प्लास्टिक. जाळी बाहेरचा गोंगाट अडवते. वायर जोरात मुडपली की फोम चेपतो, 75 ओहमचं माप बिघडतं आणि थोडा सिग्नल मागे फिरतो. उघड्यावरच्या सांध्याला नुसती चिकटपट्टी लावली तर पावसाचं पाणी आत शिरतं. मग चित्राचे चौकोन पडतात आणि आपण बिचाऱ्या बॉक्सला थापट्या मारतो.

दुसरं, स्प्लिटर. एका वायरीवर दोन टीव्ही लावले की प्रत्येकाला निम्म्याहून थोडा कमीच सिग्नल मिळतो. चार तोंडांचा बसवला तर पाव हिस्सासुद्धा नाही. म्हणून जितके टीव्ही, तितक्याच तोंडांचा घ्या. डिशला तर हा साधा स्प्लिटर चालतच नाही, कारण त्याच वायरीतून बॉक्स वर एलएनबीला वीज पुरवतो.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. वायर बदलायला येणारी पोरं भर पावसात गच्चीच्या कठड्यावर ओणवी होतात. कमरेला दोर नसतो. आपण खाली उभे राहून सांगतो, "अरे, जरा डावीकडे घे!" तोही कुणाच्या तरी घरचा मुलगा आहे.

रंगकाम निघतंच आहे. त्याआधी जिन्याच्या बाजूने प्रत्येक विंगला पाइप टाकू. विजेच्या वायरींपासून लांब. प्रत्येक वायरीला फ्लॅट नंबरची चिठ्ठी लावू, मेलेल्या वायरी काढून टाकू. उद्या सगळीकडे फायबर आलं तरी पाइप तोच कामाला येईल. खर्च आहे, नाही म्हणत नाही. पण पाइप असला, तर कठड्यावर चढायची वेळ कुणावर येणार नाही.

पुढच्या सभेत हा विषय रंगाच्या शेडच्या आधी घ्या, एवढीच विनंती. शेडवर आपण तीन तास भांडणार, हे मला माहीत आहे!